पेनाला दम लागतो: जुनं फाउंटन पेन पुन्हा लिहितं कसं करावं

माझ्याकडे येणारं प्रत्येक दुसरं पेन एकाच तक्रारीचं असतं. "शाई भरली, पण उतरत नाही." आणि माझ्याकडे येण्याआधी त्या पेनावर तीन प्रयोग होऊन गेलेले असतात. ते जोरजोरात झटकलेलं असतं, निब कागदावर दाबून दाबून फाकवलेली असते, आणि शेवटी कुणीतरी त्यात शिवणाची सुई घातलेली असते. पहिल्या दोन प्रयोगांवर बहुतेक वेळा इलाज करता येतो, सुईवर नेहमी नाही. म्हणून हे लिहितेय. घरात आजोबांचं, वडिलांचं, आत्याचं एखादं पेन पडून असेल तर त्याला हात लावण्याआधी एवढं वाचा.

मी वाईची. बाबा दस्तलेखक होते. खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, सगळं हाताने, मुद्रांकाच्या कागदावर. त्यांच्या डेस्कात चार पेनं असायची, चारही काळी, एबोनाइटची म्हणजे कडक रबराची, लेथवर हाताने काढलेली, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेली. रविवारी सकाळी ओसरीवर पितळी ताटलीत पाणी घेऊन ती धुवायची, आणि टिपकागदावर सुटे भाग वाळत ठेवायचे. ते काम मी आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर केलं. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, शाई आहे तरी हे का लिहीत नाही? याला तहान लागलीय का?" ते म्हणाले, "तहान नाही गं, याला दम लागलाय. हवा आत जात नाही, म्हणून शाई बाहेर येत नाही."

पेनदुरुस्तीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. पाण्याने गच्च भरलेली बाटली उलटी केली आणि तोंड अगदी अरुंद असलं तर पाणी पडत नाही, आत जायला हवेला वाट नसते. वाट रुंद केली तर भळाभळा सांडतं. फाउंटन पेनाला या दोन्हींच्या मधलं काहीतरी जमवायचं असतं. जेवढी शाई कागदावर गेली तेवढीच हवा आत, त्याच अरुंद वाटेने, त्याच क्षणी.

हे जमवण्यासाठी लोकांनी फार वर्षं डोकं घातलं. पेट्राके पोएनारू नावाच्या रुमानियन विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये १८२७ साली शाई आत साठवणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या आधीही प्रयत्न झाले, नंतर तर खूपच. पण ही पेनं एकतर कोरडी पडायची नाहीतर ओकायची. ज्याने हा गुंता व्यवहारात सोडवला तो लुईस एडसन वॉटरमन. शास्त्रज्ञ नव्हे, आधी शिक्षकी केलेला, पुस्तकं विकलेला आणि मग न्यूयॉर्कमध्ये विमा विकणारा माणूस. पंचेचाळिशी उलटल्यावर, १२ फेब्रुवारी १८८४ रोजी, त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं, क्रमांक २,९३,५४५. एका मोठ्या विमा करारावर सही घेताना पेनाने शाई ओकली, कागद खराब झाला, तो दुसरा आणायला गेला तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटाने पळवलं, आणि त्या चिडीतून त्याने नवं पेन बनवलं, अशी गोष्ट जगभर सांगतात. पेनांचा इतिहास खणणाऱ्यांना या गोष्टीला त्याच्या हयातीतला आधार सापडलेला नाही, म्हणून मी ती खरी म्हणून सांगत नाही. पण ती लोकांना का पटली ते मला ठाऊक आहे. मुद्रांकाच्या कागदावर डाग पडला की बाबा तो कागद बाजूला ठेवायचे आणि दुसरा स्वतःच्या खिशातून आणायचे. पक्षकाराला त्याचे पैसे कधीच लावले नाहीत. त्या दिवशी जेवताना ते गप्प असायचे.

वॉटरमनने केलं काय, तर निबच्या खाली जो काळा तुकडा असतो त्यात बदल केला. आम्ही त्याला जीभ म्हणतो. जिभेच्या पाठीवर, निबच्या पोटाला लागून, लांबीभर एक चर असतो. वॉटरमनने त्या चराच्या तळाशी करवतीने अगदी बारीक फटी पाडल्या. फटी इतक्या अरुंद की शाई त्यांत आपोआप ओढली जाते, दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी. वरचा चर त्या मानाने रुंद, त्यातून हवा मागे जाते. शाईची वाट तळाशी, हवेची वाट वर, आणि दोघी एकाच खोबणीत. तुमच्या पेनाची जीभ काढून उजेडात धरा. आजही तेच दिसेल.

त्याची सुरुवातीची पेनं ड्रॉपरने भरायची होती. नळी उघडायची, थेंब थेंब शाई टाकायची, आटे फिरवून बंद करायचं. आपल्याकडची बहुतेक जुनी हातघडीची पेनं याच जातीची आहेत. स्वदेशी पेन हवं या गांधीजींच्या आग्रहातून राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी जी पेनं केली तीही एबोनाइटची आणि ड्रॉपरचीच. म्हणून पुढचं सगळं मी ड्रॉपरच्या पेनाबद्दल सांगतेय. आत रबरी पिशवी किंवा पिस्टन असलेलं पेन असेल तर ते उघडू नका, जाणत्या माणसाकडे द्या.

आता कामाला लागू.

आधी पेन कशाचं आहे ते ओळखा. अंगठ्याने नळी जोरात घासा आणि लगेच वास घ्या. गंधकाचा वास आला तर एबोनाइट. ते रबरात भरपूर गंधक घालून शिजवलेलं असतं. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. ते ज्योतीजवळ नेऊ नका, भडकन पेटतं. काहीच वास नाही तर साधं प्लास्टिक. एवढ्यासाठी एवढा आटापिटा का, तर मी स्वतः इथेच चुकलेय. बाबा गेल्यानंतर त्यांचं सर्वांत लाडकं पेन मी उकळत्या पाण्यात टाकलं, साठलेली शाई लवकर सुटावी म्हणून. दहा मिनिटांनी काळंभोर पेन शेणकुटाच्या रंगाचं होऊन बाहेर आलं. जुन्या एबोनाइटचा वरचा थर उन्हाने आधीच कमकुवत झालेला असतो, गरम पाण्याने तो उघडा पडतो. ते पेन आजही माझ्याकडे आहे, उत्तम लिहितं, पण काळं नाही. तुमचं होऊ देऊ नका.

एरवी नळाचं साधं, थंड पाणी. पेन उघडायचं, आटे अडकले असतील तर जोर करायचा नाही. निबचा भाग खाली येईल असं वाटीत, आटे बुडतील इतक्या पाण्यात रात्रभर उभं ठेवायचं. वाळलेली शाई गोंदासारखी धरून बसलेली असते, ती पाण्याने सुटते, पकडीने नाही. सकाळी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घेऊन दोन्ही बाजू धरायच्या आणि हलक्या हाताने फिरवायचं. नाही फिरलं? पुन्हा पाणी, पुन्हा एक रात्र. माझ्याकडे एका निवृत्त तलाठ्यांचं पेन अकराव्या दिवशी उघडलं. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं पाणी, रॉकेल, यातलं काहीही पेनाला लावू नका. सेल्युलॉइड आणि प्लास्टिक त्याने वितळतं. फार तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब वाटीभर पाण्यात.

उघडलं की पाणी बदलत राहायचं, निळं यायचं थांबेपर्यंत. कधी कधी निळं थांबतं आणि मग तांबूस-करडा गाळ यायला लागतो. तो जुन्या पक्क्या शाईचा असतो, त्याबद्दल पुढे सांगते.

मग निब आणि जीभ बाहेर काढायची. हातघडीच्या पेनांत ही दोन्ही नुसती घट्ट बसवलेली असतात, आटे नसतात, डिंक नसतो. ओल्या सुती फडक्यात निब-जीभ दोन्ही एकत्र धरा, अंगठा निबच्या वाकावर, बोट जिभेखाली, आणि सरळ रेषेत ओढा. पिळू नका. पिळलं की निबची दोन्ही पाती एकमेकांवर चढतात किंवा जिभेचा कान तुटतो. येत नसेल तर परत भिजत घाला. या कामात घाई करणारा माणूस पुढच्या आठवड्यात नवी निब शोधत फिरतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

जीभ हातात आली की मऊ दातब्रशने चराच्या दिशेने घासायची. लहान मुलांचा ब्रश सर्वांत चांगला. इथेच लोक सुई घालतात. त्या फटी करवतीने मोजून पाडलेल्या असतात. सुईने फट जराशी रुंद झाली तरी शाई ओढून धरायची तिची ताकद कमी होते, आणि जी जीभ आधी कोरडी लिहायची ती आता थेंब टाकायला लागते. वॉटरमनने जे मोजमाप साधलं ते आपण अर्ध्या मिनिटात बिघडवतो. ब्रशने निघत नसेल तर जीभ दोन दिवस पाण्यात राहू दे. जिभेत चिकटून बसलेला केसाएवढा तंतू मात्र पातळ चिमट्याने उचलून काढावा. टिपकागदाचा बारीक तंतू अडकल्याने बंद पडलेली पेनं मी कितीतरी पाहिलीत.

निब पाहायला भिंग लागतं, दहापट मोठं दाखवणारं, घड्याळवाल्याकडचं. निब उजेडाकडे धरा. मधल्या छिद्रापासून टोकापर्यंत फट दिसली पाहिजे, छिद्राशी किंचित रुंद, टोकाशी निमुळती होत जवळजवळ मिटलेली. टोकाशी फाकलेली असेल तर शाई टोकापर्यंत पोचतच नाही, मधेच थांबते. ते दाबून लिहिल्याचं फळ. मग निब समोरून बघा. टोकाशी कठीण धातूचा जो मणी असतो त्याचे दोन्ही अर्धे एका पातळीत हवेत. एक वर, एक खाली असेल तर पेन कागद खरवडतं. वरच्या पात्याला अंगठ्याच्या नखाने हळूच खाली दाबा, सोडा, पाहा. पुन्हा दाबा. एकदम नाही. धातूला थोडंथोडंच ऐकू येतं. बाबा एका निबवर अख्खी दुपार घालवत आणि मी वैतागत असे. आता माझीही दुपार जाते.

पॉलिश पेपरने मणी घासून निब गुळगुळीत करावी असं खूप जण सांगतात. मी सांगत नाही. खरवडणाऱ्या दहा निबांपैकी बहुतेकांची पाती वरखाली झालेली असतात, मणी खराब नसतो. आधी पाती जुळवा. घासलेला मणी परत येत नाही.

निब आणि जीभ एकमेकींना चिकटून हवीत. दोघींच्या मध्ये उजेड दिसला तर शाईचा धागा तिथे तुटतो. जीभ एबोनाइटची असेल तरच एक उपाय आहे, प्लास्टिकच्या जिभेला तो लागू नाही. गॅसवर पाणी ठेवायचं, तळाशी बुडबुडे जमू लागले की उतरवायचं, उकळू द्यायचं नाही. निब-जीभ पेनात बसवलेल्या अवस्थेत फक्त टोकाकडचा भाग त्या पाण्यात अर्धा मिनिट धरायचा, बाहेर काढून जीभ निबवर अंगठ्याने दाबून धरायची आणि तशीच थंड पाण्यात न्यायची. गरम एबोनाइट वाकतं आणि थंड झाल्यावर तो आकार धरतं. जीभ जरा तपकिरी होईल. होऊ दे, ती निबखाली लपलेली असते. नळीला आणि टोपणाला त्या पाण्याची वाफसुद्धा लागू देऊ नका, मघाची माझी चूक आठवा.

बसवताना निबचं छिद्र आणि जिभेचा चर एका रेषेत. निबचं टोक जिभेच्या पुढे तांदळाच्या एका दाण्याएवढं. पेन कोरडं वाटलं तर जीभ टोकाकडे किंचित सरकवा, जास्त ओलं वाटलं तर किंचित मागे. या दाण्याच्या खेळात पेनाचा स्वभाव ठरतो. बाबांच्या चार पेनांपैकी एक असंच मुद्दाम ओलं ठेवलेलं होतं, फक्त सह्यांसाठी, कारण पक्षकारांना फाउंटन पेनाची सवय नसायची आणि ते कसंही धरलं तरी उमटावं लागायचं.

नळी आणि मान, म्हणजे निब जिच्यात बसते तो भाग, जिथे आट्यांनी जुळतात तिथून ड्रॉपरचं पेन गळतं. जुने लोक आट्यांना मेण लावायचे किंवा दोऱ्याचे दोन वेढे घालायचे. दोन्ही चालतात. आता सिलिकॉन ग्रीस मिळतं, नळाच्या रबरी रिंगांना लावतात ते. आट्यांवर अगदी पातळ बोट. व्हॅसलिन लावू नका, त्याने रबर कालांतराने कुजतं. आणि ग्रीस जिभेच्या मागच्या तोंडाशी गेलं तर सगळी मेहनत फुकट, तिथे शाईची वाट बंद होते.

आता शाई, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्धी पेनं चुकीच्या शाईने मरतात.

पूर्वीची दस्तांची शाई म्हणजे मायफळ आणि हिराकस. हो, तेच मायफळ जे बाळगुटीत उगाळतो. त्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोखंड मिळून जो रंग होतो तो लिहिताना फिका असतो आणि हवा लागली की काळा पडत जातो, कागदाच्या अंगात मुरतो, पाण्याने जात नाही. म्हणून दस्ताला ती शाई. पण ती आंबट असते, पोलादी निब खाते. जुन्या चांगल्या पेनांना सोन्याची निब असायची ती मिरवायला नव्हे, सोनं त्या शाईला दाद देत नाही म्हणून. मघाशी सांगितलेला तांबूस गाळ या शाईतल्या लोखंडाचा. तसा गाळ निघाला तर समजा की तुमच्या घरात कुणीतरी पक्कं, टिकावं म्हणून काहीतरी लिहीत होतं.

दुसरी शाई काजळीची. बोरूने पोथ्या लिहायला ती काजळ आणि डिंक घोटून करत. चित्रकलेच्या दुकानातली काळी ड्रॉइंग शाई तिचीच बहीण. बोरूला, टाकाला ती उत्तम, कारण लिहून झालं की ते धुऊन टाकता येतात. फाउंटन पेनात ती कधीही, एक थेंबही घालू नका. काजळीचे कण फटींत बसतात, डिंक वाळतो, आणि मग कुठलंही पाणी ते सोडवत नाही. अशा जिभा मी फेकून दिल्यात.

फाउंटन पेनाला पाण्यात विरघळलेल्या रंगाची साधी शाई हवी. मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली भावाबरोबर शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या, 'हॉर्स ब्रँड' या नावाने. गोळी पाण्यात विरघळवायची की दौत तयार. पुढे त्यांची 'कॅमल' शाई आली, आणि कॅमल व इंक मिळून कॅमलिन. आमच्या घरात ती निळी बाटली नेहमी खिडकीच्या आतल्या कोनाड्यात, उन्हापासून लांब असायची. शाई जुनी असेल तर वापरण्याआधी बाटली उजेडाकडे धरून बघा. तळाशी साय किंवा तंतू दिसला, किंवा कुबट वास आला, तर ती टाकून द्या. बुरशी पेनात गेली की घरातल्या पुढच्या प्रत्येक पेनात जाते. आणि दोन शाया मिसळू नका, रंग कितीही मोहाचा झाला तरी.

भरताना नळी उभी धरा आणि ड्रॉपरने आट्यांच्या खालपर्यंत भरा. अर्धी नको, पूर्ण. हे लोकांना उलटं वाटतं. शाई कमी म्हणजे गळायचा धोका कमी, असं ते समजतात. होतं नेमकं उलट. नळीत जेवढी शाई कमी तेवढी हवा जास्त, आणि हवा तापली की फुगते. समजा तीन मिलिलिटरच्या नळीत अडीच मिलिलिटर हवा आहे. खोलीत पंचवीस अंश, तुमच्या मुठीत पस्तीस. त्या दहा अंशांनी हवा साधारण साडेतीन टक्के फुगते, आणि तेवढी शाई निबमधून बाहेर ढकलते. दीड-दोन थेंब. वहीवर पडणारा तो टपोरा डाग म्हणजे हेच दीड-दोन थेंब. म्हणून नळीत तृतीयांश शाई उरली की परत भरायचं. आणि थंडीच्या सकाळी लिहायला बसताना पेन मिनिटभर मुठीत धरून ठेवायचं, निब वर करून. फुगायची ती हवा फुगते, निबमधून निघून जाते, मग लिहायचं.

घाटाचंही तसंच. बाबा महाबळेश्वरला कामाला जायचे तेव्हा पसरणी घाट चढण्याआधी वाईतच पेनं काठोकाठ भरायचे आणि सदऱ्याच्या खिशात निब वर करून लावायचे. वाई सातशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. तेवढ्या चढाने हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी उतरतो, आणि नळीतली हवा तेवढीच फुगते. जवळजवळ रिकाम्या पेनातून चारेक थेंब खिशात. महाडकडून आंबेनळी घाटाने चढलात तर त्याच्या दुप्पट. बाबांना दाबाचे आकडे माहीत नव्हते. त्यांना सदरा माहीत होता. वॉटरमनच्या कंपनीने पुढे जिभेच्या दोन्ही कडांना चमच्यासारख्या खाचा पाडल्या त्या याच थेंबांसाठी. जादा आलेली शाई तिथे थांबते आणि लिहिता लिहिता वापरली जाते. तुमच्या जिभेच्या कडेला आडव्या बारीक रेघा किंवा खाचा असतील तर त्या शोभेच्या नाहीत. त्याही ब्रशने साफ हव्यात.

भरलं, बंद केलं, आता ते निब खाली करून पाच मिनिटं टोपण घालून ठेवा. शाईला वातीतून उतरायला वेळ लागतो. झटकू नका. मग कागद घ्या, गुळगुळीत पण चकचकीत नसलेला, आणि एक लांब शिरोरेघ ओढा. सलग, हात न उचलता, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. देवनागरीने आपल्याला ही फुकटची परीक्षा देऊन ठेवलीय. निरोगी पेनाची रेघ शेवटपर्यंत एका जाडीची येते. सुरुवातीलाच तुटली आणि मग चालू झाली तर निबचं टोक कोरडं पडतंय, टोपण नीट बसत नाही. टोपणाला आतून चीर गेली असेल तर तीही पाहा. रेघ छान निघाली आणि अर्ध्या पानानंतर फिकी होत गेली, तर हवा आत जात नाहीये. जिभेचा चर पुन्हा पाहा, दम लागणं ते हेच. रेघ जाड, ओली, कडांना पसरणारी आली तर निब आणि जीभ सैल बसलीत किंवा आट्यांतून हवा शिरतेय. ग्रीस कमी पडलंय. रेघ चांगली, पण 'ळ' आणि 'क्ष' लिहिताना वळणावर खरवडतंय, तर पाती अजून वरखाली आहेत. शिरोरेघेनंतर मी एक ओळ 'क्ष क्ष क्ष' काढते. चारी दिशांना वळायला लावणारं याच्याइतकं चांगलं अक्षर मला सापडलेलं नाही.

हात हलका हवा. बॉलपेनाने आपल्याला दाबायची सवय लावली. तिथे गोळी फिरायला दाब लागतो. इथे शाई आपण होऊन कागदावर जाते, तुम्ही फक्त टोक टेकवायचं. निबचा वाक आकाशाकडे, पेन कागदाला साधारण अर्ध्या काटकोनात. शाळेतली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना वहीखाली दुसरा कागद ठेवायला सांगते आणि लिहून झाल्यावर खालच्या कागदावर वळ दिसतो का ते बघायला लावते. दिसला की पुन्हा.

रोज लिहिणार असाल तर महिन्यातून एकदा धुवा. महिनाभर लिहिणार नसाल तर रिकामं करून, धुऊन, सुकवून ठेवा. शाई वाळून बसलेलं पेन आणि कपाटात नुसतं पडलेलं पेन यांत फार फरक असतो. वर्षभर पडलेलं धुतलेलं पेन शाई घातली की पाच मिनिटांत लिहायला लागतं.

परवा एक मुलगी आली, कॉलेजातली. आजीचं पेन घेऊन आली होती, आजी शिक्षिका होत्या. तीन दिवस भिजवल्यावर निब सुटली, चरात टिपकागदाचा एक तंतू निघाला, बाकी काही झालेलं नव्हतं. मी जीभ बसवली, शाई भरली आणि पेन तिच्याच हातात दिलं. तिने आधी शिरोरेघ ओढली, मी सांगितली होती म्हणून. मग जरा थांबून खाली आजीचं नाव लिहिलं, सलग, एकदाही न तुटता.